पिशवीत म्हैस मावत नाही

जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की कोल्हापुरात माणसं एकमेकांची तब्येत विचारायची बंद होतात. समोरासमोर आली की पहिला प्रश्न, ‘‘किती फूट झालं?’’ कशाचं, ते विचारायचं नसतं. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी हा आमच्याकडचा पावसाळ्यातला क्रिकेटचा स्कोअर आहे. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. देशानं मीटर-सेंटिमीटर स्वीकारून जमाना झाला, पण आमची नदी अजून फूट-इंचातच वाढते. ‘‘सकाळी आठला 38 फूट 7 इंच होतं, आता 39 ला दोन इंच कमी,’’ असं छातीठोक सांगणारा माणूस पाटबंधारे खात्यात असतो असं नाही. बहुधा तो गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला आलेला असतो.

याच माणसाला राधानगरी धरणाच्या सातही स्वयंचलित दरवाज्यांचे स्वभाव तोंडपाठ असतात. कुठला आधी उघडतो, कुठला उशिरा मिटतो, एका दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी येतं, ते शहरात कधी पोचतं, सगळं. क्युसेक म्हणजे नक्की किती, असं विचारलं तर तो क्षणभर थांबतो आणि ‘‘लई पाणी’’ असं शास्त्रशुद्ध उत्तर देतो. राधानगरीला मात्र कुणी शिव्या देत नाही. ते शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण. शिव्या द्यायला पलीकडं कर्नाटकात अलमट्टी धरण आहे. नदी, धरण आणि दोष या तिन्हींची सोय झालेली असल्यामुळं कोल्हापूरकर पुराबाबत अगदी निर्धास्त असतो.

आता जगाकडं बघा. मार्च 2025 मध्ये युरोपियन युनियननं आपल्या लोकांना सांगितलं की युद्ध, पूर, वीज जाणं, काहीही झालं तरी 72 तास आपलं आपण निभावता येईल एवढं सामान घरात बांधून ठेवा. त्यांच्या एका आयुक्तबाईंनी व्हिडिओ करून स्वतःची पिशवी उघडून दाखवली. पाणी, टॉर्च, चाकू, रोख पैसे, आणि पत्त्यांचा कॅट. स्वीडननं तर 2018 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये घरोघरी पुस्तिका वाटली. जपानात 1 सप्टेंबर हा आपत्ती निवारणाचा दिवस असतो, 1923 च्या कांटो भूकंपाची आठवण म्हणून, आणि तिथं दाराशी तयार पिशवी असणं हे दाराशी चपला असण्याइतकं साधं मानतात. आपल्याकडंही आपत्ती व्यवस्थापनवाले दर पावसाळ्याच्या तोंडावर अशीच यादी काढतात. ती वाचून झाल्यावर तिच्यात भजी बांधून मिळतात.

या सगळ्या याद्यांतली पत्त्यांचा कॅट एवढी एकच वस्तू कोल्हापूरकर न सांगता बरोबर घेतो.

आमच्या घरात हे आपत्कालीन किट भरायची टूम काढली पुतण्यानं. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळं त्याचा यादीवर विश्वास आहे. त्यानं सगळ्यांना सोप्यात बसवलं आणि मोबाइलमधून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिलंच कलम होतं पिण्याचं पाणी, माणशी रोज 3 लिटर. घरात सहा माणसं, तीन दिवस.

‘‘54 लिटर,’’ पुतण्या म्हणाला.

‘‘म्हंजे अर्धा क्विंटल पाणी पाठीला लावायचं आणि पाण्यातनं पळायचं,’’ आबा म्हणाले. ‘‘बरं, फुडं?’’

हे कलम हसण्यावारी न्यायचं नव्हतं, कारण पुरात कोल्हापूर पहिल्यांदा अडतं ते पिण्याच्या पाण्यावर. शहराला पाणी देणारी बालिंग्याची आणि शिंगणापूरची पंपिंग स्टेशनं स्वतःच पाण्याखाली जातात. गल्लीच्या तोंडाला छातीएवढं पाणी आणि नळाला सूं-सूं हवा, असा देखावा 2019 च्या पुरात सगळ्यांनी बघितला. ज्या शहरानं अख्ख्या महाराष्ट्राला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ दिला, ते शहर टँकरच्या मागं कळशा घेऊन पळत होतं. पण आबांनी ‘फुडं’ म्हटल्यावर पुतण्या पुढं गेला.

पुढं होती शिट्टी.

‘‘ही कशाला?’’ आईनं विचारलं.

‘‘कुठं अडकलो तर वाजवायची. लोकांना कळतं.’’

‘‘काय कळतं? आपल्या पेठेत शिट्टी वाजली तर लोक म्हणतील रेफ्रीनं पेनल्टी दिली. निम्मे हुर्यो करतील, निम्मे भांडाय येतील.’’

ज्यांनी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच बघितली आहे त्यांना आईचा मुद्दा पटेल. शिट्टी बाद झाली. पुढचं कलम, सुका खाऊ. इथं मात्र घरात कमालीचं एकमत झालं. भडंग आला, शेंगदाण्याचे लाडू आले, चिवडा आला, बिस्किटं आली. आईनं कांदा-लसूण चटणीची बरणी आणून मधोमध ठेवली. पुतण्या म्हणाला, ‘‘आज्जी, यादीत न्हाई हे.’’ ‘‘यादी करणारा कोल्हापूरचा न्हाई,’’ एवढंच म्हणून ती आत गेली.

यादीत असंही होतं की खाऊची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी. आमच्याकडं ती रोज रात्री जेवणानंतर होऊ लागली. आठवड्यात भडंगाची पिशवी तळाला गेली, आणि त्यानंतर लाडवांची तपासणी सुरू झाली. चटणीची बरणी तेवढी अजून सीलबंद आहे, कारण घरात दुसरी चालू आहे.

मग आबांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. महत्त्वाची कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, असं कुठल्याही यादीत असतं. यादी करणाऱ्यानं आबांची ट्रंक बघितलेली नसते. सातबारा, आठ-अ, खरेदीखत, रेशनकार्ड हे ठीक. त्याखाली सोसायटीच्या कर्जाच्या फिटलेल्या पावत्या. त्याखाली विकून टाकलेल्या लुनाचं आरसी बुक. त्याखाली लाइटबिलं, आणि ती इतकी जुनी की वरचं वीज मंडळ आता त्या नावानं शिल्लक नाही.

‘‘ही टाकूया की,’’ मी म्हणालो.

‘‘लाइटबिल टाकायचं नसतंय. पुरावा असतोय त्यो.’’

कशाचा, हे विचारायची घरात कुणाची हिंमत नाही. आणि खरं सांगायचं तर आबांचं अगदीच चूक नाही. आपल्याकडं पूर येतो आठवडाभर, त्याचे कागद चालतात वर्षभर. पाणी ओसरलं की पंचनामा येतो, आणि पंचनाम्याचा न्याय उलटा असतो. टीव्ही वेळेत माळ्यावर चढवलात, गहू वर नेलात, गाद्या शेजाऱ्याच्या गच्चीवर टाकल्यात, तर तुमचं नुकसान झालेलं नाही. ज्यानं काहीच हलवलं नाही त्याचं सगळं भिजलेलं रांगेत मांडलेलं असतं, आणि त्याचाच पंचनामा भरगच्च होतो. 2019 ला तर सरकारी निर्णयात लिहिलेलं होतं की भाग दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात बुडालेला असेल तर कुटुंबाला 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ मोफत. त्यावर चिकार टीका झाली. दीड दिवस बुडालेल्या माणसानं काय करायचं? उरलेला अर्धा दिवस पुरेपर्यंत नदीला धरून ठेवायचं? त्यातून जे धान्य आलं त्याच्या काही पाकिटांवर नेत्यांचे फोटो होते. म्हणजे पुरात ओळखपत्र वाहून गेलं तरी चालेल, पण धान्य कुणाचं ते ओळखू आलं पाहिजे.

संध्याकाळपर्यंत आमच्या किटमध्ये दोन ट्रंका, एक पोतं, चटणीची बरणी, आईचा बत्ता, लग्नाचा अल्बम आणि मुलीचं गणपतीत मिळालेलं बक्षीस एवढं जमलं. टॉर्च होता, पण त्याचे सेल भिंतीवरच्या घड्याळाला लावले होते. पुतण्यानं यादी मिटली.

पण आमचं घर शहरातलं. खरी गंमत नदीकाठच्या गावांत. प्रयाग चिखली, आंबेवाडी ही गावं म्हणजे पंचगंगेचं पहिलं घर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच जणी प्रयागला एकत्र येतात, आणि पावसाळ्यात पाचही जणी एकदम माहेरी आल्यावर घराचं जे होतं ते चिखलीचं होतं. माझी सासुरवाडी त्या बाजूची. 2019 च्या ऑगस्टच्या सुरुवातीला पाणी चढायला लागलं तसा मी सासऱ्यांना फोन लावला.

‘‘मामा, पाणी वाढाय लागलंय. मामींना घेऊन इकडं या.’’

‘‘येतो की. म्हशी किती बसतील तुमच्यात?’’

‘‘म्हशी सोनतळीला हलवा.’’

‘‘हलवतो. धार कोण काढणार? तांबडी परक्या हाताला दूध देत न्हाई.’’

‘‘मग तुम्ही पण म्हशींबरोबर सोनतळीला जावा.’’

‘‘मग इथं वैरणीकडं कोण बघणार?’’

हा संवाद तुम्हाला विनोदी वाटत असेल, तर तुम्ही कधी दुभती म्हैस विकत घेतलेली नाही. लाखाच्या घरातलं जनावर गोठ्यात सोडून एक टॉर्च आणि शिट्टी घेऊन निघून जा, असं युरोपातली बाई सांगू शकते, कारण तिच्या पिशवीत 72 तासांचा विचार आहे. मामांच्या डोक्यात पुढच्या दोन वेतांचा. 1989 च्या पुरानंतर चिखलीच्या लोकांना सोनतळीला जागा मिळाली, काहींनी घरंही बांधली. पण शेत इकडं, गोठा इकडं, मग माणसंही इकडंच. शेवटी त्या वेळी बोटीनंच माणसं काढायची पाळी आली. एनडीआरएफ, लष्कर, नौदल, सगळे आले. आमच्या पाहुण्यांतली एक म्हातारी सांगते की रबरी बोटीतला जवान तिला हात जोडून म्हणाला, ‘‘चलिए माताजी.’’ म्हातारीनं बोट इकडून तिकडून चाचपून बघितली आणि विचारलं, ‘‘म्हस बसंल काय ह्यात?’’ जवानाला मराठी येत नव्हतं, ते बरं झालं. तो नुसता ‘‘हां, हां’’ म्हणाला आणि म्हातारी त्या भरवशावर बसली. बोट निघाल्यावर तिनं जवानाचा जो उद्धार केला, तोही त्याला कळला नाही.

बोटीचं एवढं कौतुक जुन्या माणसांना नाहीच. रबरी बोट यायच्या आधी काहील होती. गुऱ्हाळावर ज्यात उसाचा रस आटवतात ती भली थोरली लोखंडी कढई. ती पाण्यात सोडायची, आत म्हातारी, दोन पोरं आणि एक शेळी बसवायची आणि दोन पोहणाऱ्यांनी कडेनं ढकलत न्यायची. काहील गोल असल्यामुळं तिला पुढचं-मागचं काही नसतं, ती आपली फिरत फिरत जाते. आतला माणूस पैलतीराला उतरतो तेव्हा त्याला गाव कुठल्या दिशेला राहिलं हे सांगता येत नाही. तरीही जगातल्या कुठल्याही यादीत ‘काहील, एक नग’ लिहिलेलं मी वाचलेलं नाही, ही यादी करणाऱ्यांची मोठीच चूक आहे.

कोल्हापूरकराचं स्वतःचं खरं संकटसाहित्य निराळंच असतं. ते म्हणजे भिंतीवरची रेघ. जुन्या घरांत दाराच्या चौकटीजवळ कुठंतरी खूण असते, ‘2005 चं पाणी हितंवर.’ या रेघेवर माणसाचा जितका विश्वास, तितका कलेक्टरवर नाही, हवामान खात्यावर तर मुळीच नाही. कर्णा लावून गाडी फिरते, ‘‘नागरिकांनी सुरक्षित ठिकाणी जावे,’’ आणि आमच्या गल्लीतले आण्णा खुर्चीवर बसून रेघेकडं बोट दाखवतात. ‘‘2005 ला ह्याच्या वर आलं न्हवतं. आता काय येतंय?’’ 2019 ला पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं आणि आण्णांच्या रेघेसकट आण्णांची खुर्ची बुडाली. मग नवी रेघ मारली गेली, 2019 ची, अगदी ऑइलपेंटनं. आता निदान पन्नास वर्षं बघायला नको, असं सगळ्यांनी धरलं. दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पाणी त्या रेघेच्याही काही इंच वर गेलं. आण्णांनी त्यानंतर रेघ मारलेली नाही. ते म्हणतात, ‘‘रंग महाग झालाय.’’

भोंगे आणि गाड्यांवर लोकांचा विश्वास बसत नाही म्हणून असेल, 2023 मध्ये सरकारनं थेट मोबाइलमध्ये इशारा पाठवायची चाचणी घेतली. दुपारच्या शांत वेळी घराघरातले फोन एकदम किंचाळायला लागले. आमच्या गल्लीत आधी सगळ्यांना वाटलं फोनचा स्फोट होणार. आण्णांनी आपला फोन पाण्याच्या बादलीत टाकला. संकट येण्याआधीच नुकसान करून दाखवणारी ही त्यांची एकमेव आपत्ती. मेसेज नीट वाचला तर त्यात लिहिलेलं होतं की ही केवळ चाचणी आहे, काही करायची गरज नाही. आण्णांनी तो भाग दुसऱ्याच्या फोनवर वाचला.

आणि मग पाणी बघायला जाणारे. दुसऱ्या गावांत पूर आला की माणसं नदीपासून लांब पळतात. कोल्हापुरात आधी नदीकडं जातात. पंचगंगा पात्राबाहेर पडली की शिवाजी पुलाकडं सहकुटुंब रीघ लागते. पाणी गायकवाड वाड्यापाशी आलं का, जामदार क्लबपर्यंत पोचलं का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. कणसं भाजणारा, भजीवाला, फुगेवाला, सगळे हजर. पोलीस बॅरिकेड लावतात, तर त्या बॅरिकेडला टेकून फोटो निघतात. पोरगं खांद्यावर घेऊन बाप त्याला सांगत असतो, ‘‘ते बघ, ते पत्र्याचं शेड दिसतंय का? न्हाई ना? तिथंच हाय ते.’’ यात धोका आहे, हे खरंच. पण ज्या गर्दीला घालवण्यासाठी पोलीस घसा कोरडा करतात, त्याच गर्दीतली पोरं रात्री शाहूपुरी कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढत असतात. व्हाईट आर्मीचे स्वयंसेवक बोटी चालवतात, तालमीत चुली पेटतात, पिठलं-भाताची पातेली निघतात, आणि मटणावाचून ज्याचा रविवार सुना जातो असा गडी तीन दिवस खिचडी वाढत उभा राहतो. त्याला कुणी किट दिलेलं नसतं. त्याच्याकडं एक हाफ पँट असते.

हे सगळं असताना एकच गोष्ट आम्हाला जमत नाही. वेळेत निघायला. हायवे शिरोलीला बंद पडेल, पेट्रोल संपेल, दूध येणार नाही, वीज जाईल, एटीएम बंद पडेल, हे आम्हाला माहीत असतं. 2019 ला हे सगळं जवळजवळ आठवडाभर भोगलेलं आहे. युरोपच्या 72 तासांत आमचा हायवेसुद्धा उघडला नव्हता. तरी 39 ला आम्ही म्हणतो, ‘‘अजून चार फूट हाईत.’’ 43 ला म्हणतो, ‘‘राती पाऊस उघडंल.’’ 47 ला फ्रीज पलंगावर आणि पलंग विटांवर चढवतो. आणि 50 ला माळ्यावर बसून फोन करतो की बोट का येत नाही.

आमच्यापेक्षा शहाणा नरसोबाच्या वाडीचा दत्त. तिथं कृष्णा देवळात शिरते आणि दक्षिण दारानं बाहेर पडते, त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. म्हणजे जे पाणी शहरात पंचनाम्याला कारण होतं, त्याचंच तिथं पुण्य होतं. पण पाणी वाढायला लागलं की पुजारी उत्सवमूर्ती उचलून वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेऊन ठेवतात. देव ‘‘गेल्या वर्षी इथं आलं नव्हतं’’ म्हणून हटून बसत नाही. अलमट्टीची वाटही बघत नाही.

तेव्हा यंदा एवढंच करा. किट भरा किंवा भरू नका, पण राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट झालं की जनावरं आधी चढावर न्या, मग म्हातारी माणसं आणि पोरं, मग कागदांची ट्रंक. लाइटबिलं राहिली तरी चालतील. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या महिन्याच्या जास्त घेऊन ठेवा, प्यायचं पाणी नळ चालू आहे तोवर भरून ठेवा, चार नोटा रोख जवळ असू द्या, आणि टॉर्चचे सेल घड्याळातनं काढून परत टॉर्चला लावा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर 1077 आहे, तो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला. फक्त तिथं फोन करून अलमट्टीबद्दल आपलं मत मांडत बसू नका. लाइन मोकळी ठेवा.